दोनशे फुटांचा कायदा, सातशे फुटांचा बोअर

काल लातूरच्या कट्ट्यावर चहा निवून गेला तरी कुणी उठेना. अण्णांनी शेतात तिसरा बोअर घेतला होता. सातशे फुटांवरही पाणी नाही, नुसता पांढरा फुफाटा. तो अजून त्यांच्या चपलांवर होता.

मास्तर म्हणाले, "अण्णा, 2009 चा भूजल कायदा आहे. शेतीला, उद्योगाला 60 मीटरपेक्षा खोल जायचंच नाही. म्हणजे दोनशे फूट."

बोअरची गाडी चालवणारा दोस्त शेजारीच बसलेला. "दोनशेवर थांबलो तर मला बोलावंल कोण? इतकी वर्षं फिरायलोय, एकानं गाडी अडवून विचारलं नाही."

मला राहवलं नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हा घागर घेऊन टँकरपाशी आपणच उभे होतो. तरी पुढच्या चांगल्या पावसात पुन्हा ऊसच लावला.

"लावणारच की!" अण्णा तापले. "दोन लेकरं उसावर शिकली. उसाला एफआरपी आहे, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव, कारखाना उशिरा का होईना पैसे देतो. तुरीचा हमीभाव नुसता पेपरात. खरेदी केंद्र उघडेपर्यंत व्यापाऱ्याला घालून मोकळं व्हावं लागतं."

यात खोटं काय आहे? मला तर कायद्यापेक्षा हीच गोष्ट मोठी वाटते.

मास्तरांनी जकार्ताचं काढलं. जमिनीतलं पाणी उपसून उपसून ते शहर खचायलंय. 2019 मध्ये इंडोनेशियानं राजधानी हलवायचं जाहीर केलं, त्यामागं हेही एक कारण. आपला काळा पाषाण तसा खचत नाही, म्हणून खाली काय चाललंय ते वरून कळत नाही. पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत. खोल गेल्यावर भेगा कमी, आणि तिथलं एकदा उपसलेलं एका पावसाळ्यात भरून येत नाही.

"ते राजधानी हलवतील, आमचं गाव कुठं हलवायचं?" अण्णा म्हणाले.

कुणी बोललं नाही. दोस्ताचा फोन वाजला, औशाकडची ऑर्डर. त्यानं अण्णांकडं पाहिलं आणि फोन तसाच वाजू दिला.

"माझी तूर हमीभावानं वेळेवर घेतील असं कुणी लिहून देतंय का?" अण्णा उठत म्हणाले. "देत असेल तर चौथा बोअर मी घेत नाही."