‘आधी चांगली गोष्ट, मग विविधता’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

वेगवेगळ्या समाजांतली पात्रं असलेली पुस्तकं सुचवणाऱ्या माझ्या यादीवर इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप दोन : पात्राचा समाज, धर्म किंवा अपंगत्व पाहून पुस्तक सुचवलं की दर्जा मागे पडतो, आणि यादीत वयाचे आकडे नाहीत.

चांगलंच पुस्तक सुचवावं, यात वाद नाही. पण सुचवणाऱ्याच्या हाती मुळात काय येतं? शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ साली अमेरिकेत तीन वर्षांत छापलेल्या ५,२०६ बालपुस्तकांचा हिशेब मांडला. एक तरी कृष्णवर्णीय पात्र असलेली पुस्तकं निघाली ३४९. अशा ढिगातून नुसता दर्जा बघून निवडलं, तरी तीच ती माणसं भेटत राहणार. म्हणून मुद्दाम शोधावं लागतं. चाळणी त्यानंतर लावायची, आणि ती कडकच हवी.

चित्रपुस्तकात आधी चित्रं बघा. व्हीलचेअरवरचं मूल प्रत्येक पानावर कडेलाच आहे का? अडचण सोडवतं कोण? काही अचाट करून दाखवल्यावरच बाकीची मुलं त्याला खेळात घेत असतील, तर ते पुस्तक मी सुचवत नाही. याद्या सर्वांत जास्त फसतात त्या मात्र दुसरीकडेच : एखाद्या समाजाबद्दलची सगळी पुस्तकं अन्यायाची आणि दुःखाची. तीन सुचवलीत तर एक तरी रहस्यकथा किंवा धमाल विनोदी असू द्या. त्या समाजातल्या मुलालाही हसायचं असतं!

पुस्तक हातात देताना वाचकाला शेवटचं आवडलेलं पुस्तक विचारा, आणि त्यात काय आवडलं तेही : वेग, पात्रं, ठिकाण की भाषा. ते कायम ठेवून एकच गोष्ट बदला. रहस्यकथांच्या वेड्या वाचकाला दुसऱ्या देशातली रहस्यकथा द्या. त्याऐवजी तिथली संथ, चारशे पानी कादंबरी दिलीत, तर ती दहाव्या पानावर मिटते आणि ‘तिकडची पुस्तकं रटाळ’ हा ग्रह पक्का होतो. मोठ्यांसाठी कथासंग्रह बरा. एक कथा एका बैठकीत संपते.

किशोरांच्या बाबतीत जपावं लागतं. ‘हे तुझ्यासारख्या मुलाबद्दल आहे’ असं चारचौघांत म्हणालात, तर ते पुस्तक तो उघडणारही नाही. तीन-चार पुस्तकांत ते ठेवा, निवड त्याला करू द्या.

वयाचे आकडे नाहीत, कारण वाचता येणं आणि आशय झेपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहान मुलांसाठी पाच बोटांची चाचणी पुरते : मधलं एक पान वाचायला द्या, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट. पाच बोटं भरली, तर सध्या ते पुस्तक तुम्ही वाचून दाखवा. आशयाची पूर्वसूचना मात्र हवी, हे तुमचं म्हणणं रास्त आहे. मृत्यू, हिंसा किंवा लैंगिक अत्याचार असेल त्या पुस्तकापुढे, शेवट न फोडता, तशी एक ओळ टाकतो.