निधी आला रे आला!

ठाण्यात आमच्या घराजवळच्या बागेला पुन्हा निधी मिळाला म्हणे. झालं! आता धडधाकट पेव्हर ब्लॉक उखडायचे आणि हुबेहूब तसेच नवे बसवायचे. वर लाल बदामाचा सेल्फी पॉइंट. आणि 'अमुक यांच्या निधीतून' हा बोर्ड, बाकापेक्षा मोठा!

आईची व्हीलचेअर? ती गेटबाहेरच. बाइक घुसू नयेत म्हणून गेटात तीन लोखंडी खांब रोवलेत. बाइकवाली पोरं हँडल वाकडं करून आरामात आत जातात, अडकते ती आई. मागच्या गेटाला रॅम्प आहे, आहे ना! फूटभर उंचीला जेमतेम चार फूट लांब. नियम एकास बाराचा, म्हणजे फुटाला बारा फूट. हा रॅम्प की घसरगुंडी? परवा मी मागून ढकलतोय, घामाघूम, तर आई म्हणते, "सोड रे, इथूनच बघते झाडं."

बसचं तर विचारूच नका. लो फ्लोअर बस येते, पण थांबते रस्त्याच्या मधोमध. स्टेशनच्या लिफ्टवर 'काम चालू आहे'चा कागद. कागद पिवळा पडला, काम काही चालू होईना.

दिव्यांग हक्क कायदा २०१६चा, त्याचे नियम २०१७चे. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायची, नियमांपासूनची पाच वर्षांची मुदत २०२२लाच संपली. आमच्याकडे कारंज्याला रंगीत लाइटिंग!

पुढच्या महिन्यात उद्घाटन. पाहुण्यांच्या गाडीसाठी ते खांब काढणार आहेत म्हणे. तेवढ्यात आईला आत फिरवून आणतो.