धूर नाही म्हणून धुरांडं नको? बायोइथेनॉल फायरप्लेसच्या फॉरवर्डला उत्तर

घर नव्याने करायला घेतलेल्या मंडळींमध्ये सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. थोडक्यात असा : "फायरप्लेससाठी आता धुरांडं बांधायची गरज नाही. बायोइथेनॉलचा बर्नर आणा, जुन्या फायरप्लेसमध्ये ठेवा किंवा भिंतीत कोनाडा करून बसवा. धूर नाही, राख नाही, विषारी वायू नाही. निघते ती फक्त पाण्याची वाफ. धुरांड्यातून काही वाया जात नाही, त्यामुळे शंभर टक्के उष्णता खोलीत. मुलंबाळं असलेल्या घरातही सुरक्षित. कुणाला विचारायला नको, कारागीर नको." खाली एका रांगेत पेटलेल्या ज्योतींचा देखणा फोटो. (बायोइथेनॉल म्हणजे ऊस, मका यांपासून केलेलं अल्कोहोल.)

यातलं बरंचसं अर्धं खरं आहे आणि पंचाईत तिथेच आहे. राख खरोखरच नसते. काजळी जवळजवळ धरत नाही. लाकडं रचायची नाहीत, धुरांडं झाडून घ्यायचं नाही. शोभेची ज्योत म्हणून ही वस्तू वाईट नाही. पण मजकूर ती घर गरम करायचं साधन म्हणून विकतो, आणि धूर दिसत नाही म्हणजे बाहेर न्यायला काही उरतच नाही, असं गृहीत धरतो. एकेक मुद्दा घेऊ.

"निघते ती फक्त पाण्याची वाफ"

शाळेतल्या रसायनशास्त्राएवढंच पुरे. इथेनॉल पूर्ण जळलं की दोन गोष्टी तयार होतात : पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. वजनाने पाहिलं तर पाण्यापेक्षा कार्बन डायऑक्साइडच जास्त. एक लिटर इथेनॉल जाळलं की साधारण दीड किलो कार्बन डायऑक्साइड आणि ९०० ग्रॅमहून थोडं जास्त पाणी हवेत येतं. इंधन उसाचं असो, मक्याचं असो की कारखान्यातलं, रेणू तोच. 'बायो' लावल्याने ज्योतीतून निघणारं काही बदलत नाही.

आता हे खोलीत बसवून पाहू. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच खोली म्हणजे ५४ घनमीटर हवा. मध्यम बर्नर तासाला ०.४ लिटर इंधन खातो असं धरू. त्यातून तासाला साधारण ३३० लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. शांत बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर सोडतो. म्हणजे बर्नर पेटवला की हवेच्या हिशेबाने खोलीत अठराएक पाहुणे येऊन बसले, आणि ते विझवेपर्यंत उठत नाहीत. दारं-खिडक्या घट्ट असतील तर तासाभरात प्रमाण दशलक्ष भागांत ६,००० भागांनी चढतं. बाहेरच्या हवेत ते ४२० च्या आसपास असतं, आणि कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी ५,००० ही मर्यादा अनेक देश मानतात. प्रत्यक्षात फटींतून थोडी हवा येत-जात असते, त्यामुळे आकडा इतका चढणार नाही. पण नव्याने केलेल्या घरात या फटी आपणच पैसे देऊन बुजवलेल्या असतात.

पाण्याचा हिशेबही तितकाच सरळ. ०.४ लिटर इंधनातून जवळपास ३७० ग्रॅम पाणी. २० अंशांच्या हवेत घनमीटरमागे जेमतेम १७ ग्रॅम वाफ मावते, आणि इथे एका तासात घनमीटरमागे सात ग्रॅमची भर पडली. ही वाफ गार काचेवर घाम होऊन दिसते ते बरं, निदान पुसता येतं. जी कपाटामागच्या गार भिंतीवर बसते ती बुरशी धरल्यावरच कळते. "फक्त पाण्याची वाफ" हा शब्दप्रयोग ज्याने केला त्याच्या घरी ओल आलेली नसावी.

"विषारी वायू नाही"

ज्योत तापली की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. त्यासाठी इंधनात नायट्रोजन असावा लागत नाही, त्यामुळे इंधन कितीही शुद्ध आणलं तरी हे टळत नाही. शिवाय ज्योत कडेला गार धातूला टेकते, वाऱ्याने हलते, हवा कमी पडते; तिथे ज्वलन अर्धवट राहतं आणि फॉर्मल्डिहाइड, कार्बन मोनॉक्साइड हे विषारी वायू निघतात. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या लाकूड संशोधन विभागाने अशा धुरांडंविरहित शोभेच्या फायरप्लेस ४८ घनमीटरच्या बंद चाचणीकक्षात पेटवून पाहिल्या. तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात नायट्रोजन डायऑक्साइड, फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण सापडले, आणि काही वेळा घरातल्या हवेसाठी सुचवलेल्या मर्यादा ओलांडल्या गेल्या.

एक पेला इंधन जळून कुणी दगावत नाही, हेही मान्य. पण घरात दम्याचा माणूस किंवा तान्हं मूल असेल तर "विषारी वायू नाही" या तीन शब्दांवर विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावायचा असेल तर तो लाकडाच्या फायरप्लेसला लावता तसाच इथेही लावा.

"शंभर टक्के उष्णता खोलीत"

मला या मजकुरातला सगळ्यात हुशार मुद्दा हाच वाटतो, कारण आकडा खोटा नाही. धुरांडंच नाही तर उष्णता जाणार कुठे? उलट लाकडाच्या उघड्या फायरप्लेसची दैना प्रसिद्ध आहे. लाकडातल्या उष्णतेपैकी दहा-पंधरा टक्के खोलीला मिळाली तरी खूप. उरलेली वर जाते, आणि जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेते. काउंट रम्फर्ड या संशोधकाने १७९६ साली यावरच निबंध लिहिला होता. फायरप्लेस उथळ करा, बाजूच्या भिंती तिरप्या करा, धुराचा घसा अरुंद करा, असं त्याचं सांगणं. आजही चांगला गवंडी उघडी फायरप्लेस बांधताना हे भान ठेवतो.

मग इथेनॉलची बाजू वरचढ का नाही? कारण वरचा कार्बन डायऑक्साइड कुठेतरी काढावा लागतो, आणि धुरांडं नसेल तर तो खिडकीतून काढायचा.

वरचीच खोली घ्या. कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दशलक्ष भागांत १,५०० च्या आत ठेवायचं तर तासाला ३०० घनमीटर ताजी हवा आत घ्यावी लागेल. म्हणजे खोलीतली हवा तासात साडेपाच वेळा बदलायची. बाहेर शून्य अंश आणि आत २० अंश असतील, तर एवढी हवा तापवायला साधारण दोन किलोवॅट लागतात. आणि ०.४ लिटर इथेनॉलचा बर्नर देतो किती? एका लिटरमागे जवळपास ५.९ युनिट (किलोवॅट-तास), म्हणजे तासाला २.३, अर्थात २.३ किलोवॅट. श्वास घेण्याजोगी हवा ठेवायच्या नादात मिळालेली उष्णता जवळजवळ सगळी खिडकीतून गेली. खिडकी बंद ठेवली तर शंभर टक्के उष्णता मिळते खरी, पण मग बाकीचंही शंभर टक्के आतच राहतं. यातलं हवं ते एकच उचलता येत नाही.

"जुन्या फायरप्लेसमध्ये तसाच ठेवा"

इथे मजकूर थेट धोक्याचा होतो. जुन्या फायरप्लेसच्या घशात झडप असते. ती उघडी ठेवली तर गरम हवा जुन्या वाटेने वर जाते, म्हणजे वरचा शंभर टक्क्यांचा मुद्दा गेला. बंद ठेवली तर सगळं खोलीत येतं, आणि कोंडलेल्या कोनाड्याच्या माथ्याशी उष्णता साचते. लाकूड जाळायच्या काळात धुरांड्यात साठलेला डांबरासारखा थर, म्हणजे क्रिओसोट, साफ केला नसेल तर खाली ज्योत ठेवण्याआधी तो काढून घ्यावाच लागतो. जुन्या गॅसच्या फायरप्लेसची नळी मागे तशीच राहिली असेल, तर ती जाणकाराकडून बंद करून घेतल्याशिवाय बर्नर ठेवायचाच नाही.

भिंतीतल्या नव्या कोनाड्याची गोष्ट वेगळी. बहुतेक जण तो जिप्सम बोर्डात करतात, कारण जिप्सम जळत नाही. जळत नाही हे बरोबर. पण त्याच्या स्फटिकांत पाणी बांधलेलं असतं आणि सतत तापत राहिला की ते सुटायला लागतं. बोर्ड ठिसूळ होतो, सांध्यांवर तडे जातात. म्हणून उत्पादकच सांगतात की साधारण ५० अंशांच्या वर सतत तापणाऱ्या जागी हा बोर्ड वापरू नका. त्यामागची लाकडी चौकट वर्षानुवर्षं तापून हळूहळू कोळपते ती वेगळीच. वर टीव्ही टांगायचा बेत असेल तर तो आधी रद्द करा. ज्योतीपासून वर, बाजूला आणि समोर किती अंतर सोडायचं हे बर्नरच्या माहितीपत्रकात मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं, आणि फोटोतल्या देखण्या कोनाड्यात ते बहुतेकदा पाळलेलं नसतं.

"मुलंबाळं असलेल्या घरातही सुरक्षित"

धोका पेटलेल्या बर्नरपेक्षा तो भरताना जास्त असतो. इथेनॉलची ज्योत फिकट निळी असते, भर उजेडात दिसतही नाही. इंधन संपलं असं वाटतं, विझलंय असं वाटतं, आणि माणूस हातातला कॅन तिरका करतो. पुढे काय होतं ते नीट समजून घ्यायला हवं. पेट्रोलच्या बंद डब्यात द्रवाच्या वर साधारणपणे इतकी दाट वाफ असते की तिच्यात पेट घ्यायला पुरेशी हवाच नसते. इथेनॉलचं तसं नाही. साध्या खोलीच्या तापमानाला त्याच्या कॅनमधली वाफ आणि हवा नेमक्या पेट घेण्याच्या प्रमाणात असतात. हवेत ३.३ ते १९ टक्के वाफ असली की ती पेटते. २० अंशांना कॅनमध्ये ती सहा टक्क्यांच्या आसपास भरते. न दिसणारी ज्योत ओतणाऱ्या धारेवरून कॅनच्या तोंडाशी पोचते, आतली वाफ एकदम पेटते आणि उरलेलं इंधन पेटत्या फवाऱ्यासारखं तोंडातून बाहेर फेकलं जातं. ओतणाऱ्यापेक्षा समोर बसलेला जास्त भाजतो. आणि हे सगळं होईपर्यंत मागे सरकायलाही वेळ मिळत नाही.

ही कल्पनेतली भीती नाही. अशा अपघातांमुळेच ऑस्ट्रेलियाने २०१७ साली या उपकरणांसाठी सक्तीचं मानक आणलं. त्यात सुट्या उपकरणाचं वजन किमान ८ किलो किंवा तळाचं क्षेत्र किमान ९०० चौरस सेंटिमीटर असावं आणि ते स्थिरतेच्या चाचणीत उतरावं, इंधनाच्या कॅनच्या तोंडाशी ज्योत रोखणारी जाळी असावी, अशा अटी आहेत. युरोपातही यासाठी ईएन १६६४७ हे वेगळं मानक आहे. सहज ढकलता येणारा, टीपॉयवर ठेवायचा हलका नमुना या कसोटीत मुळातच बसत नाही.

"कुणाला विचारायला नको"

इमारतीचे नियम, घराच्या विम्याची पॉलिसी आणि अग्निशमनाची तरतूद बघा. भाड्याच्या घरात मालकाला विचारा. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

धुरांडं नकोच असेल तर दोन सरळ वाटा आहेत, आणि मजकुरात त्यांचा उल्लेख नाही, कारण त्या इतक्या देखण्या नाहीत. एक, विजेची फायरप्लेस. ज्योत दिव्यांची, उष्णता साध्या हीटरची. वायरिंग तेवढा भार पेलतं का एवढंच तपासायचं. दुसरी, बंद काचेची गॅस फायरप्लेस. हिला उंच धुरांडं लागत नाही. बाहेरच्या भिंतीतून एक दुपदरी नळी जाते. बाहेरच्या पदरातून ताजी हवा ज्योतीपर्यंत येते, आतल्या पदरातून जळालेला वायू बाहेर जातो. खोलीतल्या हवेशी ज्योतीचा संबंधच येत नाही. काच मात्र हात भाजेल इतकी तापते, म्हणून पुढे जाळी हवीच. आणि लाकडाचीच हौस असेल तर बंद दाराचा स्टोव्ह, त्याला साजेल एवढ्या व्यासाची नळी बसवून. जुन्या रुंद धुरांड्यात तो नुसता सोडला तर धूर वर जाताना गार पडतो, ओढ मरते आणि क्रिओसोट भराभर साठतं.

ज्यांनी इथेनॉलचा बर्नर आधीच आणलाय त्यांनी तो फेकायला नको. मोठ्या खोलीत, खिडकी थोडी उघडी ठेवून, तासाभरासाठी, शोभा म्हणून पेटवा. पेटलेला असताना किंवा गरम असताना इंधन घालायचं नाही. झाकण लावून विझवायचा, धातूला हात लावता येईल इतका गार होऊ द्यायचा, मगच भरायचा. सांडलं तर पुसून, फडकं घराबाहेर टाकून मग पेटवायचा. कॅनच्या तोंडाशी जाळी नसेल तर तो कॅन वापरू नका, आणि भरलेला कॅन बर्नरच्या खोलीत ठेवू नका.