थांबा, एस लहर येतेय!

पाठ्यपुस्तकातली पृथ्वी फार गुणी असते. तिचे भूकंप आकृतीत ठरल्या जागी होतात, लहरी बाणांच्या दिशेने निमूट जातात आणि ज्वालामुखी उभा चिरून दाखवला तरी तो हूं की चूं करत नाही. या पृथ्वीशी माझं बरं जमलं होतं. मग वरून फर्मान निघालं, 'लाइव्ह डेटा वापरून शिकवा', आणि खरी पृथ्वी वर्गात आली.

सोय उत्तम आहे, यात वाद नाही. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचा, म्हणजे यूएसजीएसचा, भूकंपांचा नकाशा कुणालाही फुकट बघता येतो आणि यादी मिनिटामिनिटाला ताजी होते. ६ किंवा त्याहून मोठे भूकंप जगात वर्षाला साधारण सव्वाशे ते दीडशे. म्हणजे सरासरी दोन-तीन दिवसांआड एक. हे गणित मी फळ्यावर मांडते, पण पृथ्वीला सरासरी कुणी शिकवलेली नाही. सुट्टीच्या दिवशी लागोपाठ, मध्यरात्री हमखास, आणि माझ्या तासाला बाईसाहेब गाढ झोपेत.

अशाने माणसाच्या मनात पाप येतं. तास सुरू होण्याआधी मी चक्क भूकंप मागते. म्हणजे अगदी तसाच नाही. भर समुद्रात, माणसाचा वाराही नसलेल्या एखाद्या मध्य-सागरी पर्वतरांगेवर, बेताचा. देवाकडे इतक्या अटींचा अर्ज आजवर कुणी केला नसेल. कधी कधी तो मंजूरही होतो. पण मग मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "मॅडम, हे सगळे भूकंप बरोबर १० किलोमीटर खोलीवरच कसे होतात?" पुस्तकात हा प्रश्नच नाही. खरं कारण असं, की जवळपास मोजणी केंद्रं नसली तर खोली नीट काढता येत नाही, मग गणित पुढे सरकावं म्हणून १० हा आकडा गृहीत धरतात. हे ऐकून वर्गाच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो कुठल्याही शोधाने पसरला नव्हता. "म्हणजे चालतं?" एकाने खात्री करून घेतली. प्रयोगवहीत आता सगळ्यांची सगळी मापं १० येतात.

मग यादीत उणे ०.३ चा भूकंप निघाला. "म्हणजे तिथली जमीन हलत होती ती थांबली का?" आता सांगा, हसावं की शिकवावं? रिश्टर यांनी १९३५ साली मोजपट्टी आखली ती तेव्हाच्या यंत्रांच्या बेताने. आजची यंत्रं त्यांच्या शून्याच्याही खालची कुजबुज टिपतात, आणि पट्टी लॉगरिदमची, म्हणजे पटीने मोजणारी, असल्यामुळे आकडा बेधडक उणे होतो. ज्वालामुखीचं थेट चित्रण हा पर्याय मीही करून पाहिला. भूमध्य समुद्रातला स्ट्राँबोली शतकानुशतकं थोड्या थोड्या वेळाने उसळतो आहे. आम्ही बघायला बसलो की तिथे ढग.

एकदा मात्र योग जुळला. तास सुरू असतानाच दूरच्या महासागरात दणकट भूकंप झाला. आम्ही सुमारे दहा हजार किलोमीटरवरच्या एका केंद्राचा भूकंपालेख उघडून बसलो. इतकं अंतर कापायला पी लहरीला, म्हणजे भूकंपाच्या पहिल्या, वेगवान लहरीला, साधारण १३ मिनिटं लागतात आणि मागून येणाऱ्या एस लहरीला २४. पी आली! सरळ रेघ थरथरली, वर्ग ओरडला. आता एस. आणि तास संपायला पाच मिनिटं. दप्तरांच्या चेन सरकू लागल्या. घंटा झाली तशी मी दारात उभी राहिले. पलीकडून गणिताचे सर खडू घेऊन आले.

"अहो सर, थोडं थांबा, एस येतेय."

"कोण येतंय?"

"दुय्यम लहर."

"मग माझ्या तासाला कशाला येतेय?"

एस लहर आली ती त्यांच्या तासाला. पडदा चालूच राहिला होता. ती मोठी उडी मुलांनी वर्गसमीकरणं सोडवता सोडवता पाहिली, आणि सरांनी, असं ऐकते, दोन मिनिटं खडू खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी नवीनच कटकट. आदल्या दिवशी वहीत ६.१ लिहून घेतलेला भूकंप यादीत ५.८ झालेला. पहिला आकडा संगणकाने काढलेला, 'स्वयंचलित'. मागाहून तज्ज्ञ तपासतात आणि तो बदलू शकतो. "मॅडम, खोडू का?" एका अंकाला सुमारे ३२ पट ऊर्जा, या हिशेबाने ०.३ खोडताना भूकंपाची जवळजवळ दोन तृतीयांश ऊर्जा रबराने पुसली जाते, हे समजावण्यात तो तासही गेला. तेवढ्यात यादीत नवा भूकंप येऊन गेला, तो कुणी पाहिलाच नाही.

चाचणीत अभिकेंद्राचं, म्हणजे भूकंपाच्या केंद्राच्या बरोबर वरच्या जमिनीवरल्या जागेचं, अंतर काढायला दिलं होतं. एका पठ्ठ्याने उत्तराखाली रेघ ओढून लिहिलं : 'हे उत्तर स्वयंचलित आहे. पडताळणीनंतर बदलू शकते.' मी पाचपैकी चार गुण दिले. पडताळणीनंतर साडेतीन केले.