‘गावाकडच्या बायांना कसला अ‍ॅनिमिया?’

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय: मावळ-भोरच्या शेतकरी बाया नाचणीची भाकरी, रानभाज्या, गूळ-शेंगदाणे खातात, त्यांचं रक्त कमी असणं शक्यच नाही. लोहाच्या गोळ्या हा कंपन्यांचा धंदा, त्या फेका.

‘शक्यच नाही’? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना आणि पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के मुलांना अ‍ॅनिमिया निघाला.

नाचणीचं कौतुक रास्त, पण कॅल्शियमसाठी. शंभर ग्रॅममध्ये ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. लोह मात्र चार-पाचच, त्यातलंही फायटेट या धान्यातल्याच, लोह अडवणाऱ्या घटकामुळे थोडंच अंगी लागतं. बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅम धरतात. भाकरीवर लगेच चहा घेतला की उरलंसुरलंही अडतं. नाचणीला मोड आणून दळा, ताटात लिंबू पिळा, हे खरे उपाय. मजकुरात नेमके तेच नाहीत.

गुळाच्या खड्याने २९ चा आकडा गाठता येत नाही. पुढे.

रानभाज्यांचं मला जास्त बोलायचंय. कुरडू, टाकळा, भारंगी हा पावसाळ्याचा खेळ. त्यातल्या चांगल्या जुड्या एसटीने पुण्याला येतात, आपण कोथरूडला घेऊन फोटो टाकतो. अंडी-दुधाचंही तेच, विकली की मीठ-मिरचीची सोय. कित्येक घरांत पिकवणारीच शेवटी जेवते, तेव्हा कालवणाचं नुसतं पाणी उरलेलं असतं. गरोदरपणी तिच्यात लोह नसेल तर बाळही तुटपुंजा साठा घेऊन जन्मतं, आणि सहा महिन्यांनंतर त्याला वरचं म्हणून पेजच मिळते.

राहिला ‘धंदा’. गरोदरपणी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाच्या या गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात. मळमळ, बद्धकोष्ठ, काळं शौचाला होणं या तक्रारी खऱ्या आहेत, त्यामुळे बाया त्या मध्येच सोडतात. हे आशाताईंनी आधीच नीट सांगायला हवं. ‘गोळी फेका’ हा त्यावरचा इलाज कसा?

अन्नातूनच लोह द्यायचं असेल तर तेही जमतं. इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्था आणि राहुरीचं कृषी विद्यापीठ यांनी काढलेल्या ‘धनशक्ती’ या लोहसमृद्ध बाजरीची भाकरी नगर जिल्ह्यातल्या १२ ते १६ वर्षांच्या मुलांना दिली, तेव्हा चार महिन्यांत त्यांच्यातलं लोह सुधारलं. शिरूर-बारामतीकडे हे चालेल. मुळशीच्या धो-धो पावसात बाजरी कुठली येणार? तिथे अंगणवाडीतलं अंडं, परसातला शेवगा आणि ती गोळी, तिन्ही लागणार.