पुढे काय होतं?

रविवारी दुपारी सगळ्यांनी मिळून एक सिनेमा बघायचा आणि तो कोणता हे प्रत्येकाने आळीपाळीने ठरवायचं, असा आमच्या घरचा नियम आहे. माझी पाळी आली की बायकोला नेमका त्याच दिवशी माळा आवरायचा असतो. मुलाचा क्लास एक्स्ट्रा निघतो. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, राहतात दोन इमारती सोडून, पण रविवारी आमच्याकडेच. ते जेवण झाल्या झाल्या "जरा पडतो" म्हणून सोफा अडवतात. राहता राहिली आई. तिला मटार सोलायला कुठेतरी बसायचंच असतं.

कारण एकच. मला ब्रिटिश सिनेमे आवडतात. राजवाडे आणि घोडागाड्यांचे नव्हेत; पावसाळी गावातले, जुन्या कोटातले, चार साध्या माणसांचे. ही माणसं एकमेकांना धड काही सांगत नाहीत आणि तरी आपल्याला सगळं कळतं. कुणाला रडू आलं की दुसरा उठून चहाचं बघतो. घरचे विचारतात, "यात पुढे काय होतं?" आणि मी खरं ते सांगून टाकतो, "फारसं काही नाही." इथेच मी मार खातो.

मागच्या पाळीला 'द लेडी इन द व्हॅन' लावला होता, २०१५चा, मॅगी स्मिथचा. एक म्हातारी आपली मोडकी व्हॅन लंडनमध्ये लेखक ॲलन बेनेट यांच्या घराच्या आवारात आणून लावते आणि पंधरा वर्षं तिथेच राहते. खरी घडलेली गोष्ट. बेनेट तिला हाकलत नाहीत, कारण हाकलायला आधी तोंड उघडावं लागतं. त्या भिडस्तपणावर अख्खा सिनेमा उभा आहे, हे मी जीव तोडून समजावत होतो. भाऊजी त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी. शेवटपर्यंत त्यांचा एकच प्रश्न होता : "पंधरा वर्षं? आणि पार्किंगचं स्टिकर नाही?"

या वेळी 'लोकल हीरो' लावला. १९८३चा, दिग्दर्शक बिल फोरसाइथ. ह्यूस्टनच्या एका तेल कंपनीला रिफायनरीसाठी स्कॉटलंडमधलं किनाऱ्यावरचं एक गाव अख्खंच्या अख्खं विकत हवं असतं. 'रिफायनरी' हा शब्द ऐकताच भाऊजी उठून बसले. त्यांचं गाव राजापूर तालुक्यात. नाणार आणि बारसू ही नावं आमच्याकडे जेवताना काढायची नाहीत, असं ताईने बजावून ठेवलंय.

"व्हिलन कोण?" त्यांनी विचारलं.

व्हिलनच नाही. कंपनीचा मालक बर्ट लँकेस्टर. त्याला तेलापेक्षा ताऱ्यांत जास्त रस, आणि त्याने स्वतःला शिव्या घालायला पगारी माणूस ठेवलाय. सौद्यासाठी तो मॅकिन्टायर नावाच्या माणसाला पाठवतो, का, तर नाव स्कॉटिश वाटतं म्हणून. प्रत्यक्षात ते नाव त्याच्या हंगेरीहून आलेल्या आईबापांनी अमेरिकन समजून घेतलेलं. आणि गावकरी? ते विकायला एका पायावर तयार. भाव चढावा म्हणून चेहरे तेवढे कोरे ठेवून हिंडत असतात.

"आमचे चुलते," भाऊजी म्हणाले आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्यात एक प्रसंग आहे. काही गावकरी उभे आहेत, जवळ एक बाळ आहे. मॅक सहज विचारतो, हे बाळ कोणाचं? कोणीच उत्तर देत नाही. संपला प्रसंग. मी हसून हसून ठसका लागेपर्यंत गेलो. मुलगा आतून पाणी घेऊन आला, "बाबा, झालं काय?" मी समजवायला लागलो. असा विनोद समजावून सांगणं म्हणजे सोललेले दाणे परत शेंगेत भरणं.

आईचे हात थांबले होते. "मग कोणाचं बाळ?"

"आई, ते सांगत नाहीत."

"न सांगायला काय झालं? गावात सगळ्यांना ठाऊक असतं."

पुढे कळतं की पुळण गावाची नाहीच. तिथे खोपटात राहणाऱ्या बेन नावाच्या म्हाताऱ्याच्या मालकीची आहे. आई तोवर दोनदा विचारून चुकली होती, "सातबारा काढला का यांनी?" बेन मुठीत वाळू घेतो आणि म्हणतो, एका कणाला एक पौंड, काय म्हणतोस? मॅकला वाटतं म्हातारा खेळवतोय. तो नको म्हणतो. मग बेन सांगतो, माझ्या मुठीत फार तर दहा हजार कण मावतात. दहा हजारांत पुळण गेली असती!

"म्हाताऱ्याची मूठ ती, केवढी असणार," आई म्हणाली आणि तिने मटाराची मूठ भरून दाखवली. "हे सव्वाशे असतील." मुलाने मोजले. चौऱ्याण्णव निघाले.

भाऊजींनी तोवर फोनवर शोध लावला होता. गावाचं शूटिंग स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर पेनन इथे, पुळण पश्चिमेला कॅमसडारक इथे, आणि ती सुप्रसिद्ध लाल टेलिफोन पेटी तर शूटिंगसाठी आणून ठेवलेली. "फसवणूक आहे ही," ते म्हणाले. पण नजर पडद्यावर.

मालक हेलिकॉप्टरने येतो, बेनच्या खोपटात शिरतो, आणि दार बंद. आत काय बोलणं झालं ते आपल्याला ऐकवतच नाहीत. किनाऱ्यावरची रिफायनरी रद्द होते, तिच्या जागी तारे बघायची सोय होणार. मॅकला परत धाडतात. ह्यूस्टनच्या घरात तो खिशातले शिंपले काढून ठेवतो. मग ते गाव, ती लाल पेटी, आणि तिच्यात वाजणारा फोन. संपला.

"उचलला का नाही?" हा आवाज मागून आला. बायको हातात खोकं धरून दारात उभी होती. कधीपासून ते तिने सांगितलं नाही. आई "बरा होता" म्हणून दाणे घेऊन आत गेली. तिच्या भाषेत याच्या वर कौतुक नाही. पुरणपोळीलाही ती 'बरी झालीय' म्हणते.

बुधवारी सकाळी मी दाढी करत होतो. धाकटी बहीण डॅलसला असल्यामुळे तिकडच्या वेळेचा हिशेब आईला तोंडपाठ. ती न्हाणीघराच्या दाराशी येऊन म्हणाली, "तो रात्रीचा घरी पोचला ना? मग गावात तेव्हा पहाट. कोण उठणार एवढ्यात? नऊनंतर करायला हवा होता."