रनफ्लॅट काढा म्हणणारे हजार, स्टेपनीचं बोलणारा एक नाही

बीएमडब्ल्यू थ्री सिरीजचे रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी चालणारे टायर, काढून साधे टायर घातले की गाडी कशी लोण्यासारखी चालते, हे सांगायला टायरच्या प्रत्येक दुकानात चार जण टपलेले असतात. खोटं नाही ते. रनफ्लॅटची साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, हवा नसताना गाडीचं वजन पेलायला जाड आणि ताठ केलेली असते. खड्डा ती स्वतः गिळत नाही, थेट रिमला देते आणि तिथून तुमच्या मणक्याला. खुद्द कंपनी याच गाडीच्या वेगवान भावंडाला, एम-थ्रीला, रनफ्लॅट लावत नाही, यातच काय ते आलं. पण पुढचं कोण सांगणार? बिल फाडलं की सगळे मोकळे!

अहो, रनफ्लॅट देऊन कंपनीने स्टेपनी टायरच्या आतच कोंबली होती. हवा शून्य झाली तरी ताशी ८० च्या आत राहून साधारण ८० किलोमीटर जाता यायचं. साधा टायर शून्य हवेवर एखादा किलोमीटर रेटलात तरी रिम साइडवॉलला आतून चुरडतो. मग पंक्चर काढायचा प्रश्नच उरत नाही, टायर भंगारात. आणि डिकीत काय आहे? काही गाड्यांत अरुंद स्टेपनी पट्ट्याने बांधून दिलेली असते, काहींत तिच्यासाठी खड्डाच नसतो. २०२० च्या नियमदुरुस्तीनंतर ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनीशिवाय गाडी विकता येते. वर काही महाभाग असलेली स्टेपनी बॅगा मावत नाहीत म्हणून घरी काढून ठेवतात आणि मग साधे टायर घालतात. आगीतून फुफाट्यात जायची ही हौसच म्हणायची.

‘किट आहे ना साहेब, काळजी कशाला?’ डोंबलाचं किट! बाटलीतलं ते चिकट द्रव ट्रेडमधलं, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागातलं, खिळ्याएवढं भोक बुजवतं. खड्ड्याच्या कडेने साइडवॉल फाटली तर दहा बाटल्या ओता, उपयोग शून्य. बाटलीला मुदत असते, ती कुणी बघत नाही. आणि हवेचा सेन्सर व्हॉल्व्हला जोडलेला असेल तर तो त्या चिकटात माखतो, नंतर पुसत बसा. समृद्धीवर मध्यरात्री फाटलेली साइडवॉल आणि हातात बाटली, हे चित्र टायर विकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कधी येतच नाही.

स्टेपनी घ्यायला जावं तर तिथेही अर्धवट ज्ञान. थ्री सिरीजच्या जुन्या पिढीला, एफ-थर्टीला, पाच बोल्ट १२० मिलिमीटरच्या वर्तुळावर, नव्या जी-ट्वेंटीला ११२ वर. एकाची स्टेपनी दुसऱ्याला बसत नाही, तरी ‘बीएमडब्ल्यूचीच आहे’ म्हणून गळ्यात मारतात. व्यास मोजा: गाडीच्या २२५/४५ आर १८ टायरचा सुमारे ६६० मिमी, १३५/८० आर १७ स्टेपनीचा ६४८. एवढा फरक तात्पुरता चालतो. १२५/८० आर १७ घेतलीत तर ६३२, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त. ऑल-व्हील ड्राइव्हवर ती चढवून पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसशी खेळू नका. स्टेपनीत ६० पीएसआय हवा लागते, सहा महिन्यांनी बघितली तर कमी निघते. जॅक हवा, लॉक बोल्टची चावी हवी आणि एम१४ गुणिले १.२५ मापाची एक गाइड पिन हवी. या गाड्यांना हबवर स्टड नसतात, बोल्ट असतात. पिन नसेल तर एका हाताने चाक तोलून दुसऱ्या हाताने भोक शोधत बसा. शिवाय मागचं २५५ रुंदीचं पंक्चर चाक अरुंद स्टेपनीच्या जागी मावत नाही. ते मागच्या सीटवर बसतं, सासूबाईंच्या शेजारी.

आता काउंटरवरचे विनोद. ‘पुढचे दोनच बदला, मागचे अजून चांगले आहेत.’ पुढे मऊ साइडवॉल, मागे ताठ, आणि वळणावर गाडी कशी वागेल ते देवाला ठाऊक. बदलायचे तर चारही, एकाच मॉडेलचे. दुसरा विनोद: ‘साइझ तोच आहे, स्वस्तातला घ्या.’ २२५/४५ आर १८ मध्ये ९१ लोड इंडेक्सचाही (वजन पेलण्याचा आकडा) टायर येतो आणि ९५ चाही. पहिला ६१५ किलो पेलतो, दुसरा ६९०. गाडीच्या पुस्तकात ९५ लिहिलं असेल तर ९५ एक्सएलच, म्हणजे जादा वजन पेलणाराच, घ्यायचा. तिसरा, सर्व्हिस सेंटरवाला: ‘वॉरंटी जाईल हं.’ कुठल्या भागाची, कुठल्या कलमाने, ते लेखी मागा. आवाज लगेच उतरतो.

बसवतानाही डोळे उघडे ठेवा. बीड, म्हणजे टायरची रिमला बसलेली कड, सोडवायचा मशीनचा फाळ व्हॉल्व्हपाशी लावला की सेन्सर तुटलाच. टायर उतरल्यावर रिकामा रिम मशीनवर फिरवून आतली कड बघा, रनफ्लॅटच्या काळातली चीर तिथेच लपलेली असते. नाहीतर पोरगा बॅलन्सिंगची वजनांवर वजनं चिकटवत राहतो आणि ९० ला स्टिअरिंग थरथरतं ते थरथरतंच. हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. गाडी हलकी पळते म्हणून ४० पीएसआय भरणाऱ्यांनी रनफ्लॅट काढलेच कशाला? मग स्क्रीनवर दाबाची यंत्रणा रीसेट करा.

आणि बोल्ट आवळायची ती इम्पॅक्ट गन खाली ठेवा रे! १४० न्यूटन-मीटर, जोर मोजणाऱ्या टॉर्क रेंचने. रस्त्यात रात्री तो बोल्ट हाताने सोडवायचा असतो.